सज्जतेचा हिशेब : ग्रामीण आपत्कालीन सेवेतील दैनंदिन अडचणी



जमाखर्चाची पाने बारकाईने वाचणाऱ्या वाचकाच्या नजरेत दरवर्षी तीन बाबी भरतात. पहिली, मुदत संपल्यामुळे नष्ट करावी लागलेली औषधे. दुसरी, ज्या रात्री एकही अत्यवस्थ रुग्ण आला नाही त्या रात्रींच्याही पाळीचे वेतन. तिसरी, जागेवर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेचा विमा, बॅटरी, टायर आणि देखभाल. काटकसरीचा विषय निघाला की प्रथम बोट याच बाबींवर ठेवले जाते आणि ते स्वाभाविकही आहे. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात ज्या यंत्राने उत्पादन दिले नाही ते यंत्र तोट्याचे ठरते.

आपत्कालीन वैद्यकीय सेवेला हा नियम लागू का होत नाही, हे आकड्यांनिशी समजावून सांगावे या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. या तीन बाबींचा खर्च कोणत्या अडचणींवर मात करण्यासाठी होतो, तो कोठून भागतो आणि त्यात आपणा सर्वांचा सहभाग कसा असू शकतो, याचा क्रमाने विचार करू.

१. पाचोडचे स्थान आणि अंतराचा प्रश्न

पाचोड हे पैठण तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. येथील मोसंबीचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ५२, पूर्वीचा २११) गावाजवळून जातो. छत्रपती संभाजीनगर येथून सुमारे ५० किलोमीटर अंतर आहे, तर दक्षिणेस गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. त्यामुळे पैठण तालुक्याबरोबरच शेजारच्या अंबड व गेवराई भागांतील गावांचाही या गावाशी नित्य संबंध येतो.

ग्रामीण आरोग्याच्या अभ्यासकांना पाचोडचे नाव डॉ. अशोक द्यालचंद आणि इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड या संस्थेच्या कामामुळे परिचित आहे. घरोघरी जाऊन गरोदर मातांची नियमित पाहणी केली, तर धोक्याची लक्षणे वेळेत हाती लागतात, हा त्या कामातील विचार आपत्कालीन सेवेलाही मोलाचा आहे. जी आपत्ती आधी ओळखता येते ती मध्यरात्री दारात येत नाही.

तथापि सर्व आपत्ती आधी ओळखता येत नाहीत. महामार्ग चौपदरी झाल्याने वाहनांचा वेग वाढला. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात त्याच मार्गाने जातात. दुसरीकडे, मुख्य रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत असलेल्या शेतवस्त्यांवर पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेने चारचाकी वाहन जाऊच शकत नाही. वेगवान महामार्ग आणि चिखलात रुतणारी पाणंद या दोन्ही टोकांचे रुग्ण एकाच दारात येतात.

राज्य शासनाची ‘१०८’ ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याकडे एकूण ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक सुविधांच्या आणि ७०४ प्राथमिक जीवनरक्षक सुविधांच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, ही योजना निश्चितच स्तुत्य होती. परंतु महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. साधा भागाकार केला, तर त्या संख्येनुसार एका गाडीच्या वाट्याला सुमारे ३२८ चौरस किलोमीटर येतात. शिवाय शहरांत गाड्या दाटीने असतात, म्हणजे ग्रामीण गाडीच्या वाट्याचे क्षेत्र याहून मोठे. ती गाडी एका रुग्णाला घेऊन गेली की दुसऱ्याला थांबणे भाग पडते. म्हणून १०८ सेवा असतानाही गावाजवळच्या रुग्णालयाने स्वतःची गाडी आणि स्वतःची माणसे तयार ठेवणे अनावश्यक ठरत नाही.

२. विलंबाचे तीन टप्पे

मातामृत्यूंचा अभ्यास करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये विलंबाचे तीन टप्पे मांडले. पहिला, उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील विलंब; दुसरा, रुग्णालयात पोहोचण्यातील विलंब; तिसरा, पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. ही मांडणी सर्पदंश, विषबाधा व अपघात यांनाही तंतोतंत लागू पडते.

पहिला विलंब घरात होतो. सर्पदंशानंतर प्रथम मंत्र उतरविणाऱ्याकडे नेणे, छातीत दुखत असता ‘पित्त झाले असेल’ म्हणून सकाळची वाट पाहणे, बाळंतिणीचा रक्तस्राव ‘होतोच एवढा’ म्हणून घरी बसणे, या सर्वांच्या मागे अज्ञानाइतकीच खर्चाची भीतीही असते. रुग्णालयाच्या दारातच अनामत रक्कम मागतील, ही धास्ती अनेक घरांत निर्णय लांबविते.

दुसरा विलंब वाटेत होतो. दूरध्वनी करणाऱ्याला स्वतःचा ठावठिकाणा नीट सांगता येत नाही. गावाचे नाव सांगितले जाते, पण वस्ती गावापासून कोणत्या दिशेला आहे, डांबरी रस्ता कोठे संपतो, गाडी कोठवर येईल हे घाईत राहून जाते. आमच्या चालकांना रस्ते पाठ असले तरी रात्रीच्या अंधारात सारख्या दिसणाऱ्या दोन पाणंदींतून योग्य ती निवडण्यात दहा मिनिटे सहज जातात.

तिसरा विलंब मात्र सर्वस्वी रुग्णालयाचा असतो. नेमके औषध नसणे, असलेले पुरेसे नसणे, उपकरण चार्ज केलेले नसणे किंवा ते चालविणारा जागेवर नसणे ही त्याची चार रूपे होत. सुरुवातीस उल्लेखिलेल्या तिन्ही बाबींचा खर्च हा तिसरा विलंब टाळण्यासाठी होतो.

३. फडताळातील औषधांचे गणित

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातील आहेत. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांविरुद्धची एकत्रित लस वापरली जाते. लसीची १० मिलिलिटरची एक कुपी घोणसचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. एका दंशात घोणस सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. भागाकार केल्यास पहिल्याच मात्रेला ८ ते १० कुप्या का लागतात, हे ध्यानात येईल. रक्त गोठण्याची क्रिया पूर्ववत न झाल्यास पुन्हा मात्रा द्यावी लागते. विशेष म्हणजे, सहा वर्षांच्या मुलालाही प्रौढाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष वय पाहून कमी होत नाही.

आता साठा किती ठेवावा? एका वेळी दोन रुग्ण येऊ शकतात, असे गृहीत धरले तरी किमान ४० कुप्या हाताशी हव्यात. पाऊसकाळ संपताना त्यांतील काही शिल्लक राहतात आणि पुढे त्यांची मुदत संपते. मुदतीपूर्वी काही महिने अशा कुप्या वेगळ्या काढून, जेथे खप अधिक आहे अशा रुग्णालयाशी अदलाबदल करण्याचा प्रयत्न असतो. ‘ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरावे’ हा नियम औषधभांडारात काटेकोरपणे पाळला जातो. इतके करूनही काही कुप्या नष्ट कराव्याच लागतात. ज्या वर्षी एकही कुपी नष्ट झाली नाही, त्या वर्षी साठा कमी पडण्याचा धोका पत्करला गेला होता, असाच त्याचा अर्थ होतो.

कीटकनाशकांच्या विषबाधेचे गणित याहूनही चकित करणारे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना आपल्या स्मरणात असेल. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन हे प्रमुख औषध. त्याच्या एका छोट्या कुपीत साधारणतः ०.६ मिलिग्रॅम औषध असते. पहिली मात्रा ३ कुप्यांची धरली आणि फुप्फुसांतील स्राव थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी ती दुप्पट करावी लागली, तर ३, ६, १२ आणि २४ अशा एकूण ४५ कुप्या पहिल्या पंधरा मिनिटांतच संपतात. कुपी स्वस्त आहे. पण एरवी जेमतेम दहा कुप्या ठेवणाऱ्या रुग्णालयात असा रुग्ण पाच मिनिटांनंतर औषधाविना राहील.

प्राणवायूचेही तसेच. रुग्णवाहिकेतील ‘बी’ प्रकारच्या लहान सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटर या वेगाने तो १५० मिनिटे पुरतो. पाचोडहून घाटी रुग्णालयात, म्हणजे १९५६ पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, पोहोचण्यास तासाभराहून अधिक वेळ लागतो. शहरातील गर्दी आणि तेथे रुग्ण ताब्यात देण्याचा वेळ वेगळा. अर्धा भरलेला सिलिंडर ७५ मिनिटांत संपेल, म्हणजे रुग्ण घाटीच्या आवारात असतानाच. म्हणून अर्धा सिलिंडर गाडीत राहू न देता बदलला जातो. गॅसच्या देयकात ही ‘उधळपट्टी’ दिसते.

सज्जता नेहमीच खर्चिक असते असेही नाही. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले आणि पुढे महाड परिसरात सेवा केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. १९८० च्या दशकापासून ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांतून त्यांचे संशोधन जगापुढे आले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पूर्वी ज्या दंशाने दाखल रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत, तेथे हे प्रमाण या उपचारांनंतर सुमारे एक टक्क्यावर आले. मात्र रात्री दोन वाजता ती स्वस्त गोळी फडताळात असली पाहिजे आणि ती केव्हा द्यायची हे जाणणारा माणूस जागेवर असला पाहिजे.

४. रात्रपाळी आणि एकच गाडी

वेतनाच्या बाबीकडे वळू. अत्यवस्थ रुग्णाला घाटीत हलविताना गाडीत चालकाबरोबर डॉक्टर अथवा प्रशिक्षित परिचारिका असावीच लागते. मण्यारच्या दंशात श्वासाचे स्नायू शिथिल होतात. लस देऊनही श्वास लगेच पूर्ववत होत नाही आणि वाटेत हाताने अंबू बॅग दाबत राहावे लागते. हे काम नातेवाइकावर सोपविता येत नाही.

जाऊन-येऊन शंभर किलोमीटर आणि तेथील कागदपत्रे धरता गाडी परतण्यास तीन तास लागतात. त्या तीन तासांत रुग्णालयात एक कर्मचारी कमी आणि गाडी शून्य. त्याच वेळी दुसरी बाळंतीण रक्तस्रावाने अत्यवस्थ झाली, तर काय करावयाचे, हा प्रश्न दर रात्रीचा आहे. बाळंतपणानंतरचा तीव्र रक्तस्राव दोन तासांच्या आत मातेचा प्राण घेऊ शकतो. म्हणून रात्रपाळीत ‘एक माणूस जास्त’ दिसतो. तो जास्त नसून गाडीबरोबर जाणाऱ्याच्या जागी उभा राहणारा आहे.

अशी माणसे मिळविणे आणि टिकविणे हे औषधापेक्षा कठीण. शिकून तयार झालेली परिचारिका दोन-तीन वर्षांत शहरात जाते. मुलांच्या शाळेचा आणि राहण्याच्या जागेचा प्रश्न तिला थांबू देत नाही. नव्या व्यक्तीला पुन्हा प्रारंभापासून शिकवावे लागते. ज्या रात्री रुग्ण नसतो त्या रात्री शोषण यंत्र चालवून पाहणे, हृदयाला विद्युत्‌झटका देणाऱ्या यंत्राची बॅटरी तपासणे, औषधांच्या पेटीची यादीशी पडताळणी करणे आणि नवोदितांकडून पुतळ्यावर छातीदाबाचा सराव करून घेणे ही कामे होतात. रिकामी वाटणारी रात्र अशी खर्ची पडते.

५. हा खर्च कोणाच्या नावे लिहावा?

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात निर्णय दिला की, जखमीचा प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे प्रथम कर्तव्य आहे; पोलिसी सोपस्कार त्यानंतर. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. आपत्कालीन रुग्णाला अनामत न मागता तत्काळ दाखल करून, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणे या योजनेनुसार बंधनकारक आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपत्कालीन रुग्णासाठी दूरध्वनीवरून तातडीची मंजुरी घेण्याची सोय आहे. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत पहिल्या ७ दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. या सर्व योजना उपकारक आहेत आणि त्यांचा लाभ रुग्णांना मिळवून देणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे.

मात्र या सर्वांत एक समान गोष्ट आहे. पैसे मिळतात ते रुग्णाच्या नावाने, त्याच्या उपचाराच्या देयकापोटी. जो रुग्ण आलाच नाही त्याच्यासाठी जागलेल्या रात्रीचे देयक कोणाच्याच नावे लिहिता येत नाही. नष्ट झालेल्या कुपीला रुग्ण क्रमांक नसतो. इमारतीच्या कोनशिलेवर अथवा गाडीच्या दारावर दात्याचे नाव घालता येते. भरून ठेवलेल्या सिलिंडरवर ते घालता येत नाही. याच कारणाने भांडवली देणग्या मिळतात आणि आवर्ती खर्च अडतो. नवी गाडी मिळते. तिचा रात्रीचा चालक मिळत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची नम्र सूचना अशी आहे की, या तिन्ही बाबी ‘इतर खर्च’ या सदरात न मिसळता ‘आपत्कालीन सज्जता’ या स्वतंत्र शीर्षाखाली दाखवाव्यात आणि त्यासाठी वेगळा कायम निधी उभारून केवळ त्याच्या व्याजातून हा खर्च भागवावा. शेतकरी पिकाचा विमा उतरवितो आणि पीक चांगले आले म्हणून हप्ता वाया गेला असे म्हणत नाही. तीच दृष्टी येथे अपेक्षित आहे. काटकसर अवश्य करावी, ती भांडारातील नियोजनात आणि खरेदीत. रात्रपाळी बंद करून नव्हे. रात्री दार बंद ठेवणाऱ्या रुग्णालयाचा जमाखर्च सुबक दिसेल, पण त्या रात्रीच्या रुग्णाला पुढचे ५० किलोमीटर उपचाराविना जावे लागेल.

६. आप्तेष्टांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

पहिले दोन विलंब कमी करणे बहुतांशी आप्तेष्टांच्याच हाती आहे. त्यासाठी पुढील सूचना घरातील सर्वांस वाचून दाखवाव्यात.

(अ) १०८ वर दूरध्वनी करताना गाव, वस्ती, जवळची ठळक खूण आणि गाडी कोठवर येऊ शकते हे सांगावे. एकाने विजेरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभे राहावे. दूरध्वनी करणाऱ्याने आपला फोन दुसऱ्या कामासाठी वापरू नये.

(आ) सर्पदंशात जखम कापणे, चोखणे अथवा दोरी करकचून आवळणे टाळावे. दंश झालेला अवयव हलू न देता, रुग्णाला धीर देत थेट रुग्णालयात आणावे. साप पकडण्यात वेळ दवडू नये. मण्यारचा दंश बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्यास होतो आणि त्याची खूणही दिसत नाही; पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसताच निघावे.

(इ) विषबाधेत मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. औषधाचा डबा अथवा त्यावरील चिठ्ठी बरोबर आणावी. अंगावरचे भिजलेले कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुवावी. हे करताना स्वतःचे हात झाकावेत.

(ई) गरोदर स्त्रीचा रक्तगट, तपासणीचे कार्ड आणि बरोबर येणाऱ्या व्यक्तीचे नाव नवव्या महिन्यापूर्वीच ठरवून ठेवावे. गरोदर माता आणि अर्भकांसाठी १०२ ही स्वतंत्र सेवा आहे.

(उ) अपघातातील जखमीस मदत करणाऱ्यास २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४ अ चे संरक्षण आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा भिऊन निघून जाऊ नये.

(ऊ) पैसे नाहीत म्हणून घरी थांबू नये. आधी रुग्ण आणावा. कागदपत्रे मागाहून आणता येतात.

उपसंहार

पुढील वर्षीच्या अहवालातही मुदतबाह्य औषधांचा आकडा असेल, रिकाम्या रात्रींचे वेतन असेल आणि उभ्या गाडीचा विमा असेल. तो आकडा वाचताना प्रत्येक कुपीमागे, प्रत्येक रात्रीमागे एक न आलेला रुग्ण आहे, तो आला असता तर सर्व काही तयार होते, हे आपण ध्यानात घ्यावे अशी विनंती आहे. सामान्य कुटुंबातून आलेल्या छोट्या मासिक देणगीने भरलेला एक सिलिंडर आणि एखाद्या दानशूर घराण्याने दिलेला कक्ष या दोहोंची नोंद आमच्या वहीत सारख्याच आदराने होते.

 

— प्रशासकीय विभाग